दाताची कॅप घट्ट बसायची तर…

भगिनींनो, लोणच्याच्या बरणीवरची जुनी चिठ्ठी ओरबाडून काढली आणि तिथेच नवी डकवली, तर ती किती टिकते? चार दिवसांत कोपरे सुटतात. जुन्या खळीचा पापुद्रा तिथेच राहिलेला असतो ना! इम्प्लांटवरच्या कॅपचेही थेट तसेच आहे, बरं का.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला तो बसवला. त्या स्क्रूवर खुंटी आणि खुंटीवर कॅप. दात नीट टेकतात का, हिरडी कशी राहते, हे पाहण्यासाठी पुष्कळदा कॅप आधी कच्च्या सिमेंटने लावतात. ती पुन्हा काढता यावी, म्हणून हे सिमेंट मुद्दामच कमजोर असते. त्यातल्या काही प्रकारांत झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल असते. दुखऱ्या दाताखाली आपण धरतो तीच लवंग!

पण हेच युजेनॉल मागे राहिले, तर रेझिनचे पक्के सिमेंट नीट कडक होत नाही. सिमेंट दुसऱ्या जातीचे असले तरी जुना थर मध्ये आला की पकड कमी होऊ शकते. वरवर खरवडल्याने दिसते तेवढे निघते, बारीक थर उरतो. म्हणून कॅप अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात, किंवा तिच्या आतून बारीक कणांचा झोत मारतात. खुंटी मात्र ओरखडे न पाडता साफ करावी लागते. याला वेळ लागतो. तेव्हा “डॉक्टर, लवकर करा, गाडी चुकेल” अशी घाई करू नका. तिरोडा, देवरी, सालेकशाहून गोंदियाला किंवा नागपूरला जायचे म्हणजे दिवस मोडतो हे खरे. पण कॅप निघाली तर दुसरी खेप ठरलेलीच!

एवढे ध्यानात ठेवा :

१. “रोवणी होऊ दे, मग दिवाळी होऊ दे” म्हणत पक्क्या बसवणीची तारीख लांबवू नका. इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे कॅप सैल झाली तरी ठणका लागत नाही. कधीकधी डॉक्टर स्वतःच कच्चे सिमेंट ठेवतात. ते त्यांना ठरवू द्या.

२. कॅप हलू लागली तर त्या बाजूने चावू नका. निघाली तर डबीत जपून ठेवा. झोपेत ती घशात, श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

३. सुईने, चाकूने आतून खरवडू नका. घरातला झटपट चिकटवणारा गोंद तर मुळीच लावू नका.

४. पक्की बसवल्यावर हिरडीखाली सिमेंट राहिले नाही ना, हे विचारा. राहिलेल्या सिमेंटाने हिरडी सुजते, रक्त-पू येतो आणि हळूहळू हाडही झिजते. अशी खूण दिसली तर लगेच दाखवा.

५. सुरुवातीलाच विचारा, “स्क्रूने कसायची कॅप चालेल का?” तिला सिमेंट लागत नाही आणि गरज पडली तर काढताही येते. मात्र प्रत्येक जागी ती जमतेच असे नाही.

इम्प्लांटला घरातले चांगले पैसे मोडतात. मग त्या खुर्चीत दहा मिनिटे जास्त बसायला कसला आलाय संकोच? विचारा, आणि साफसफाई नीट करून घ्या. घरात तर आपण ती रोजच करतो!