पोस्ट काढली कोणी?

अशील मोबाइल पुढे करतो. पडद्यावर एवढेच लिहिलेले असते की ही पोस्ट आमच्या कम्युनिटी स्टँडर्ड्समध्ये बसत नाही. आपल्यापैकी अनेक जण लगेच अनुच्छेद १९ काढून बसतात. माझी विनंती आहे की आधी एक गोष्ट विचारून घ्या: काढली कोणी? सरकारच्या हुकमावरून काढली असेल तर आयटी कायद्याचे कलम ६९अ किंवा ७९(३)(ब), २०१५ चा श्रेया सिंघल निवाडा आणि रिट, ही वाट आपल्या पायाखालची आहे. कंपनीने स्वतःहून काढली असेल, तर भांडण कराराचे आहे. आणि करार आपण वाचलेलाच नसतो.

या बाबतीत जर्मनीकडे पाहण्यासारखे आहे. तिथे २०१७ च्या कायद्याने उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याची सक्ती केली. पद्धतशीर हयगय झाल्यास ५ कोटी युरोपर्यंत दंड. सगळी चर्चा या दंडाभोवती फिरली. पण वकिलांच्या खऱ्या उपयोगाचे निवाडे २९ जुलै २०२१ चे. स्थलांतरितांविषयीच्या जहाल पोस्ट फेसबुकने काढल्या होत्या, खाती काही काळ बंद केली होती. संघीय न्यायालय म्हणाले, मजकूर फौजदारी कायद्यात बसत नसला तरी कंपनी त्याहून कडक नियम करू शकते. मात्र पोस्ट काढल्यावर निदान कळवायला हवे, खाते बंद करण्याआधी कारण सांगून म्हणणे ऐकायला हवे. फेसबुकच्या अटींत ही हमी नव्हती, म्हणून त्या अटीच रद्द ठरल्या आणि पोस्ट परत ठेवाव्या लागल्या. आधार कुठला, तर छापील करारातल्या अन्याय्य अटींविषयीचा साधा दिवाणी कायदा. मला हे फार मोलाचे वाटते. पोस्ट आवडो न आवडो, आपले म्हणणे मांडण्याचा हक्क तिच्या आशयावर अवलंबून नाही.

आपल्याकडे आयटी कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत याच्या जवळ जाणारी तरतूद आहे, आणि ती नोटिशीत क्वचितच दिसते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने नियम ३(१)(ब) मधला मजकूर स्वतःहून काढला, तर नियम ४(८) प्रमाणे आधी कळवायचे, कारणे द्यायची, आव्हान देण्याची पुरेशी संधी द्यायची. कंपनी म्हणेल की आम्ही आमच्या स्टँडर्ड्सखाली काढले, ३(१)(ब) खाली नाही. हा बचाव कोर्टात तपासून घेण्याची वेळ आली आहे. कारण त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी कंपन्यांच्या अटींतही असतात. छापील करारातल्या एकतर्फी अटींसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली अन्याय्य कराराची व्याख्या आहेच, पण मोबदला न देणारा वापरकर्ता ग्राहक ठरतो का, इथे गाडी अडते. पैसे भरून घेतलेल्या खात्याचे प्रकरण त्यासाठी अधिक भक्कम.

तोवर स्क्रीनशॉट तारखेसह जपा, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर अपील समितीची ३० दिवसांची मुदत चुकवू नका.