रस्त्याचा खरा हिशेब गाडीखाली झोपल्यावर कळतो

गेल्या रविवारी अर्धा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली होतो. २०११ची स्विफ्ट, एमएच ०५ पासिंग, रोज डोंबिवली-ठाणे. दोन महिने स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खटखट वाजत होतं, स्टेअरिंगही ओढत होतं. चाक काढलं तर लिंक रॉड हाताने हलतोय आणि लोअर आर्मच्या बुशचं रबर पार फाटलेलं. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म आणि लिंक रॉड बदलले. पार्टचं बिल साडेचार हजार.

घरी करणाऱ्यांसाठी: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाक लटकतं असताना आवळले तर रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. शॉकअपची स्प्रिंग मात्र घरी उघडू नका, ती जिवावर बेतू शकते. आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

शेजारचे काका म्हणाले, "जुनी गाडी आहे, होणारच." मान्य. पण काका, हेच बुश दोन पावसाळ्यांपूर्वी नवे टाकले होते. गाडी जुनी असेल, बुश नव्हते.

गाडी घेताना रोड टॅक्स एकरकमी भरला. वर या पार्टवर जीएसटी, सप्टेंबर २०२५पर्यंत २८ टक्के, आता १८. म्हणजे रस्ता जितका खराब, तितका माझा कर जास्त. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, कारण तो आपण गुपचूप गॅरेजमध्ये भरतो.

आणि मी तरी चार चाकांवर आहे. माझा बुश फाटतो, त्याच खड्ड्यात दुचाकीवाल्याचा जीव जातो. जुलै २०१८मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात एक महिला अशीच गेली. चांगला रस्ता हा कलम २१खालचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. चांगलंच झालं. पण भरपाई माणूस पडल्यावर मिळते.

मला बुशचे पैसे परत नकोत. मागणी एकच: प्रत्येक रस्त्यावर पाटी लावा. ठेकेदार कोण, काम कधी पूर्ण झालं, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, आणि कोणत्या इंजिनिअरला फोन करायचा. मग "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" हे उत्तर तरी बंद होईल.

तोवर आपण एक करू. पार्टची बिलं फेकू नका. खड्ड्याचा फोटो, जागा, तारीख आणि बिल, सगळं तक्रारीला जोडा. एकाचं बिल कुणी बघणार नाही. एका वॉर्डातून पाचशे गेली तर बघावंच लागेल.

माझं परवा गेलं. तुमचं?