झडप साधी असेल, निकाल सकारण हवा

छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर आणि टेबलावर सरळ ठेवलेला प्रोजेक्टर बाहेरून सारखेच दिसतात, पण आतल्या दिव्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रे असतात. १९९० च्या दशकात फिलिप्सने आणलेल्या अतिउच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यात प्रकाशाची कमान जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि क्वार्ट्झच्या इवल्याशा फुग्यातला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट. गरम वायू वर चढतो, म्हणून फुग्याचा माथा तळापेक्षा जास्त तापतो. माथा फारच तापला तर क्वार्ट्झ पांढुरका पडून दिवा निकामी होतो. तळ फार थंडावला तर पारा तिथेच साचतो आणि दाबाबरोबर उजेडही उतरतो. पंखा नुसता जोरात फिरवून भागत नाही. माथ्याला वारा हवा, तळाला बेताचाच. प्रोजेक्टर उलटा टांगला की माथा आणि तळ यांची अदलाबदल होते. यावरचा एक तोडगा मोठा नामी आहे. हवेच्या नळीत बिजागरीवर एक झडप लटकवायची. यंत्र उलटे केले की ती स्वतःच्या वजनाने दुसऱ्या बाजूला पडते आणि वारा नव्या माथ्याकडे वळतो. मोटर नाही, सेन्सर नाही, वायर नाही.

अशा झडपेला पेटंट द्यावे का? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही, कारण पुणे परिसरातल्या उद्योगांची बरीचशी कल्पकता याच जातीची आहे: जुनेच भाग, नवी मांडणी, आणि त्यातून निघालेला एखादा उपयोगी परिणाम. भारतीय पेटंट कायद्याला इथे मुख्यतः दोन गोष्टी लागतात. वस्तू नवी असावी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचणारी नसावी. शिवाय कलम ३ सांगते की ज्ञात साधने आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची नुसती मांडामांड हा शोध नव्हे. आता परीक्षकापुढे तीन जुने दस्तऐवज आहेत असे धरू. एकात पंखा, दुसऱ्यात नळी, तिसऱ्यात वजनाने मिटणारी झडप, तीही कुठल्या तरी एक्झॉस्ट पंख्याची. तिन्ही जोडून ‘यात काय विशेष’ म्हणणे अगदी सोपे, कारण उत्तर अर्जातच वाचलेले असते. खरा प्रश्न निराळा आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी त्या जाणकाराला हे तीन तुकडे एकत्र आणावेसे वाटले असते का, आणि वाटले असते तर कशामुळे? उलट्या यंत्रात माथा बदलतो ही अडचण तेव्हा कोणी नोंदवली होती का? झडप साधी असणे हा तिच्याविरुद्धचा पुरावा नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एव्हरी डेनिसन कंपनीच्या एका साध्या फासनरच्या प्रकरणात नेमकी हीच बाजू उचलून धरली.

पण याच कसोटीला दुसरी धार आहे. उद्या कोणी तीच झडप थोड्या वेगळ्या कोनात बसवून पेटंट मागितले, तर त्या कोनाने माथ्याचे तापमान किती अंशांनी उतरले आणि तळाचे किती टिकले, हे मोजून दाखवण्याची जबाबदारी त्याची. आकडे नसतील तर अर्ज परत गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात अशा सुधारणांसाठीचा दंडक घालून दिला. तिथे वाद होता तो भांडी लेथवर फिरवताना घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचा. ते पेटंट टिकले नाही. कारखान्यात रोज होणारी डागडुजीची सुधारणा पुरेशी नाही, त्यापलीकडे काहीतरी हवे, असे न्यायालयाने म्हटले. आज लेसर प्रोजेक्टरमध्ये हा प्रश्न अधिक बारीक झाला आहे. निळ्या लेसरचा प्रकाश फॉस्फर लावलेल्या फिरत्या चकतीवर पडतो. चकती तापली की तिची प्रकाश देण्याची क्षमता घटते. धूळ बसू नये म्हणून ती बंद डब्यात ठेवावी, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. चकतीच्या पाठीवर पाती बसवून तिचाच पंखा करणे, डब्यातली हवा आतल्या आत फिरवून उष्णता भिंतीतून बाहेर काढणे, असे उपाय निघतात. यातला कोणता डागडुजीचा आणि कोणता शोधाचा, हे कागद पाहून ठरत नाही, मोजमाप पाहून ठरते.

परीक्षण कच्चे राहिले की भार कोणावर पडतो, याचे मोठे उदाहरण पुण्याच्याच औद्योगिक पट्ट्यातले आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००२ मध्ये दोन स्पार्क प्लगच्या चार-स्ट्रोक इंजिनासाठी अर्ज केला आणि २००५ मध्ये पेटंट क्रमांक १९५९०४ मंजूर झाले. डीटीएस-आय म्हणून पल्सर मोटारसायकलवर झळकले ते हेच तंत्र. डिसेंबर २००७ मध्ये टीव्हीएसची ‘फ्लेम’ मोटारसायकल बाजारात आली आणि प्रकरण चेन्नईत गेले. बजाजचा मुद्दा लहान व्यासाच्या सिलिंडरचा होता, ४५ ते ७० मिलिमीटरचा. त्यात दोन प्लग बसवून पातळ मिश्रण नीट जाळणे हाच आमचा शोध, असे त्यांचे म्हणणे. टीव्हीएसचे म्हणणे असे की दोन प्लग जुनेच आहेत, होंडाच्या पेटंटात ते दिसतात, आणि आमच्या इंजिनाला तर तीन व्हॉल्व्ह आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘फ्लेम’ला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर गाडी विकू दिली. असे दावे साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत, असेही त्याच आदेशात म्हटले होते. वाद मिटला तो २०१९ मध्ये, तडजोडीने. २० वर्षांच्या पेटंटातली सुमारे १२ वर्षे कोर्टात गेली. बजाज बरोबर की टीव्हीएस, हा इथे मुद्दा नाही. लहान व्यासामुळे नेमका कोणता तांत्रिक फरक पडतो आणि होंडाच्या कागदातून तो का सुचतो किंवा सुचत नाही, याचे चार परिच्छेदांचे उत्तर मंजुरीच्या वेळीच लिहून ठेवलेले असते, तर दोन्ही कंपन्यांना भांडण निदान कशावर आहे ते पहिल्या दिवशी कळले असते.

माझे म्हणणे एवढेच की परीक्षणाचे यश मंजुऱ्यांच्या आकड्यांत मोजणे थांबवावे आणि निकालातल्या कारणांत मोजावे. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३४ हजार पेटंटे मंजूर झाली. पुढच्याच वर्षी आकडा एक लाखाच्या वर गेला. जुना थकलेला ढीग उपसला गेला हे खरे, त्याचे कौतुकही व्हावे. पण वर्षभरात तिप्पट मंजुऱ्या देताना प्रत्येक फाइलवर विचार करायला किती वेळ मिळाला असेल, हे विचारणे काही राष्ट्रद्रोह नव्हे. परीक्षण झाले म्हणून पेटंट वैध आहे अशी हमी मिळत नाही, असे खुद्द कायद्याचे कलम १३ सांगते. हमी नाही ते नाही; निदान कारण तरी द्यावे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात याचा साचाच सांगितला आहे: जुन्या दस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे सहज सुचते, हे तिन्ही लिहिल्याशिवाय अर्ज नाकारता येणार नाही. हा नियम नकारापुरता ठेवू नये. मंजुरीलाही तो लावावा, कारण नाकारलेला अर्जदार अपील करतो, पण चुकीच्या मंजुरीचा फटका ज्या तिसऱ्या कारखानदाराला बसतो, तो त्या सुनावणीत नसतोच.

यावर आक्षेप येतील. लहान उद्योजकाला वेग हवा, गुंतवणूकदार प्रमाणपत्र पाहून पैसे देतो, हा पहिला. तो अर्धा खरा आहे. स्टार्टअपसाठी जलद परीक्षणाची सोय आहेच, आणि परीक्षणाच्या विनंतीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणणारा २०२४ चा बदल योग्यच होता. पण भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र पहिल्याच नोटिशीत गळून पडले, तर गुंतवणूकदारही गळतो. कडक परीक्षण मोठ्या परदेशी कंपन्यांच्या पथ्यावर पडते, कारण त्यांच्याकडे वकील असतात, हा दुसरा आक्षेप. प्रत्यक्षात उलटे घडते. ढिसाळ मंजुरीचा फायदा शंभर अर्ज करू शकणाऱ्यालाच होतो. शीतकरणाच्या प्रत्येक कोनावर, प्रत्येक पात्यावर त्याचे कुंपण उभे राहते आणि भोसरीतल्या पंधरा माणसांच्या कारखान्याला त्यातून वाट काढता येत नाही. अमेरिकेने हे अनुभवले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या निकालात, मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडण्यासारखी अपेक्षित जुळणी शोध ठरत नाही असे सांगून दोर आवळला. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: परीक्षक तरी किती क्षेत्रांत तज्ज्ञ असणार? पण म्हणूनच अर्जदाराकडून आकडे मागावेत. कोणत्या बिंदूवर तापमान मोजले, सरळ आणि उलट्या स्थितीत किती भरले, झडपेशिवाय किती होते, हा एक पानाचा तक्ता परीक्षकाचे निम्मे काम करतो. इथे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांबद्दल एक कडू गोष्ट बोलायला हवी. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, आणि मानांकनात पेटंटांची संख्या मोजली जाते. परिणाम व्हायचा तोच होतो: चाचणी न करता अर्ज.

पुण्याच्या उद्योगांनी मात्र सगळे मुंबईतल्या पेटंट कार्यालयावर सोडून हात झटकू नयेत. प्रकाशित झालेल्या अर्जावर मंजुरीपूर्वी कोणालाही हरकत घेता येते. २०२४ पासून तिला शुल्क लागले आणि आधी प्राथमिक छाननी होऊ लागली, तरी दार उघडे आहे. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते. मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या १९३४ पासूनच्या संस्थेने त्यातले शीतकरण, साचे आणि इंजिन या विषयांचे अर्ज वाचायला दोन अनुभवी अभियंते बसवले, आणि जिथे जुने ड्रॉइंग हाताशी आहे तिथे ते तारखेसह परीक्षकापुढे ठेवले, तर खर्च एखाद्या चर्चासत्राहून कमीच येईल.