सुईच्या टोकावरचे इंग्रजी

इंग्रजी शिकायचे म्हणजे जाडजूड डिक्शनरी घेऊन बसायचे, अशी धास्ती आपल्या घराघरांत आहे. आम्ही म्हणतो, डिक्शनरी राहू द्या कपाटात. घरातले तान्हे बाळ लस टोचायला निघाले, की त्याच्याबरोबर डझनभर इंग्रजी शब्द उंबरठा ओलांडून आत येतात. ते हसत हसत शिकले, तर जन्मभर विसरत नाहीत. म्हणून या खेपेस एक छोटासा फार्स. स्थळ : भोर तालुक्यातील उत्रोली. पात्रे : आजी, तिची धाकटी सून आणि थोरल्या मुलाची दहावीतली मुलगी. पात्रे काल्पनिक आहेत, शब्द मात्र खरे आहेत.

सून : आत्याबाई, नर्सबाईंचा निरोप आलाय. बाळाचा बूस्टर ड्यू आहे.

आजी : काय देऊ? आपण कुणाचं काय देणं लागतो गं?

नात : आजी, अगदी बरोबर बोललीस! ड्यू म्हणजे देणंच. लाइट बिलावर ड्यू डेट असते ना, तशी ही डोसाची तारीख.

आजी : आन् बूस्टर? तो तर टीव्हीला लावायचो, चित्रात मुंग्या आल्या की. पोराच्या अंगात कुठं मुंग्या आल्यात?

नात : काम तेच. आधीच्या डोसांची ताकद हळूहळू मंदावते. बूस्टर दिला की चित्र पुन्हा स्वच्छ.

सून : पण शेजारच्या काकू म्हणतात, बाटली एक्स्पायर झालेली असली तर?

आजी : अगं बाई, बाटली कशी वारेल?

नात : एक्स्पायर म्हणजे मुदत संपणं. बाटलीवर तारीख छापलेली असते, ती बघायची.

आजी : म्हणजे तुझ्या आजोबांची मुदत संपली होती म्हण की!

सून : आणि साइड इफेक्ट झाला तर?

आजी : साइडला होत असंल तर होऊ दे. मधी नको!

नात : साइड म्हणजे बाजू, इफेक्ट म्हणजे परिणाम. ताप येतो, टोचलेली जागा सुजते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. नाही उतरलं, तर दवाखाना गाठायचा.

पडदा.

वाचकहो, हसून झाले असेल तर आता जरा कामाचे बोलू. हे चार शब्द न कळल्यामुळे काय होते? ‘ड्यू’ कळला नाही की तारीख टळते. ‘बूस्टर’ कळला नाही की ते वरचे, जादाचे औषध वाटते आणि आई म्हणते, आता पोर चांगले खेळतेय, कशाला टोचायचे? सरकारी वेळापत्रक मात्र पक्के आहे. जन्मताच बीसीजी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा. पेंटा म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर, अशी पाच दुखणी एका सुईत अडवली जातात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बूस्टर. पाच-सहा वर्षांचे झाले की आणखी एक. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. मूल शाळेत जाऊ लागले म्हणून देणे फिटत नाही!

न कळलेल्या शब्दाच्या फटीतून अफवा आत शिरते. हे आजचे नाही. ‘व्हॅक्सीन’ हा शब्दच लॅटिन भाषेतल्या गाईवरून आला. इंग्लंडात १७९६ साली डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. झाले, लोकांनी गाईचा धसका घेतला! १८०२ साली जेम्स गिलरे या लंडनच्या व्यंगचित्रकाराने चित्र काढले. त्यात लस टोचलेल्या माणसांच्या दंडातून, तोंडातून चक्क गाई उगवलेल्या. गंमत अशी, की त्याच वर्षी १४ जूनला आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. तिच्या अंगातून काही गाय निघाली नाही.

आता हसू नका, कारण आपणही मागे नाही. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांनी सांगितले, की कोविडच्या लशीचा दुसरा डोस घेतल्यापासून अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात. ‘मॅग्नेट’ हा इंग्रजी शब्द एका दिवसात गावोगाव पोचला. लस मात्र अर्धा मिलिलिटर, त्यात लोहचुंबक कुठून येणार? ओलसर, चिकट त्वचेवर गुळगुळीत वस्तू चिकटून राहते. अंगाला पावडर चोळा, चमचा खाली.

ज्या रोगाला आपल्या लोकांनी भीतीपोटी ‘देवी’ म्हटले, तो १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. नवस-कोंबड्यांनी नव्हे, लशीने. नाव देवीचे होते, पण कोप जंतूचा होता.

म्हणून माता-भगिनींनो, दवाखान्यात इंग्रजी शब्द कानावर आला की मान डोलवू नका. चार प्रश्न विचारा : आज कोणती लस दिली? साइड इफेक्ट काय होईल? झाला तर काय करायचे? पुढची ड्यू डेट कोणती? ही चार उत्तरे देणे हे लस टोचणाऱ्यांचे कामच आहे. विचारण्यात कमीपणा नाही. कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवा. आणि घरातल्या शाळकरी मुलीला ते मोठ्याने वाचायला सांगा. बाळाचा डोस वेळेवर होईल आणि घराचा इंग्रजीचा तासही.