तहानेला शिक्षा नको

उन्हाळ्याच्या सुटीत मुले घरी असतात, आणि घरच्या कुत्र्या-मांजरांकडे सर्वांचे लक्षही जास्त जाते. याच दिवसांत एक तक्रार हमखास कानी येते : "कुत्रा फार पाणी पितो आणि घरात घाण करतो, म्हणून संध्याकाळनंतर आम्ही त्याचे भांडेच उचलून ठेवतो." घर स्वच्छ राहावे ही इच्छा रास्तच आहे, पण हा उपाय आम्हांस नुसता चुकीचा नव्हे, घातक वाटतो.

तहान ही खोड नव्हे. अंगातले पाणी कमी होऊन रक्त १ ते २ टक्के जरी दाट झाले, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला ते कळते. तो तहान जागवतो आणि त्याच वेळी पिट्यूटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडतो. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेतात आणि लघवी थोडी व दाट होते. माणसाची लघवी रक्ताच्या सुमारे ४ पट दाट होऊ शकते, कुत्र्याची ७-८ पट, तर मांजराची त्याहूनही जास्त. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांना बरेचसे पाणी शिकारीतूनच मिळे. म्हणूनच मांजर एरवी कमी पाणी पिते.

ही व्यवस्था बिघडली की मात्र अंगात पाणी टिकत नाही. मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश शक्ती गेली की लघवी पातळ होऊ लागते. मधुमेहात साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मादीच्या गर्भाशयात पू झाला, तरी असेच घडते. अशा वेळी जनावर जास्त पिते म्हणून जास्त लघवी करते असे नसते. पाणी निघून जाते म्हणून ते बिचारे पिते. त्याच्यापुढचे भांडे उचलणे म्हणजे गळक्या हंड्याचा नळ बंद करणे. हंडा लवकरच कोरडा पडणार. केवळ सवयीने पाणी पिणारी कुत्रीही असतात, हे खरे; पण तो निवाडा पशुवैद्याने करावा, आपण नव्हे.

मग पालकांनी काय करावे? सकाळी मापून पाणी ठेवावे, दिवसभरात घातलेले पाणीही मोजावे, आणि दुसऱ्या सकाळी उरलेले त्यातून वजा करावे. असे दोन-तीन दिवस करावे. हे काम मुलांकडे सोपवावे. गणित आणि विज्ञान दोन्ही होईल. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला कुत्रा १०० मिलिलिटरहून अधिक, किंवा मांजर ५० मिलिलिटरहून अधिक पाणी पीत असेल, तर पशुवैद्याकडे न्यावे. १० किलोच्या कुत्र्यासाठी ही मर्यादा १ लिटर होते. तपासणीचा पहिला टप्पा लघवीचाच असतो, आणि त्यासाठी फार यंत्रसामग्री लागत नाही.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या प्राध्यापकांचे तासाभराचे व्याख्यान शाळेत ठेवावे. पालकांनाही बोलवावे.

मुक्या प्राण्याला दुखणे सांगता येत नाही. रिकामे झालेले भांडे हीच त्याची तक्रार असते. ती ऐकायची की भांडे उचलून बंद करायची, हे आपण ठरवायचे आहे.