जबानी आणि रकाना

दीपावलीचा हा अंक वाचकांच्या हाती देताना इनामगावात बसून आरोग्याविषयी लिहावयाचे, तर आरंभ घोडनदीकाठच्या पांढरीपासूनच करणे प्राप्त आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंभांत, तान्ह्या मुलांच्या अस्थी सापडल्या. ती मुले कशाने गेली याविषयी त्यांच्या मातांचे काय म्हणणे होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. परंतु आजच्या माता हयात आहेत, आणि त्यांचे म्हणणे सरकारी दप्तरात उतरत नसेल, तर तो दोष काळाचा नव्हे.

न ऐकण्याचे फळ पुण्याने १८९७ साली भोगले आहे. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले, तेव्हा लोक रोगापेक्षा तपासणीला अधिक भ्याले आणि रोगी लपवू लागले.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तुम्ही रुग्णालयात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की तेथे सारे पांढऱ्या वस्त्रांत वावरतात, आणि आम्ही तर प्रेताला पांढरे वस्त्र गुंडाळतो. शिवाय तेथे आमचा देव नाही. हे उत्तर अडाणीपणाच्या रकान्यात न टाकता त्यांनी रुग्णालयच झोपड्यांच्या वस्तीसारखे उभारले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. आजारी तान्ह्याला घेऊन आईबाप घराबाहेर पडत नाहीत, हे ध्यानी आल्यावर गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून उपचार बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेण्यात आला. आणि ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या उत्तराने विचारणाऱ्याची इमारत बदलते, तेच उत्तर खऱ्या अर्थाने ऐकले गेले, असे मी मानतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातही २००७ पासून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीच्या निमित्ताने जनसुनवाया भरल्या. औषध बाहेरून आणावयास का सांगितले, याचा जाब भर सभेत अंमलदारासमोर विचारता येतो, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि सभा संपल्यावर फिर्यादीचे काय झाले, हे जाब विचारणाऱ्या बाईला घरी जाऊन सांगण्याची रीत आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. घरोघर फिरणाऱ्या आशाताईच्या नोंदवहीत लस, वजन, प्रसूती यांना रकाने आहेत. पण सासूने दवाखान्यात का पाठविले नाही, शेवटची एस.टी. किती वाजता जाते, रोजंदारी बुडाली तर चूल कशी पेटावी, यांना रकाना नाही, आणि बहुतेक वेळा मरणाचे कारण तेथेच दडलेले असते.

म्हणून यंदाच्या अंकात शिरूर व दौंड तालुक्यांतील बाळंतिणी, ऊसतोड मजूर आणि आशाताई यांच्या जबान्या त्यांच्याच बोलीत, नावे गाळून पण शब्द न बदलता छापल्या आहेत. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्या वाचाव्यात, आणि प्रत्येक तक्रारीवर काय कारवाई केली, ते आम्हांला कळवावे. उत्तरे येतील तशी ती आम्ही याच पानांवर छापू.