रेतनाची कांडी कुणाच्या हाती?

दुधाच्या धंद्यातला नफा-तोटा संकलन केंद्रावरच्या फॅटच्या आकड्यावर ठरतो, असा शहरातील ग्राहकाचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. गाय वेळेवर गाभण राहिली तरच ती वेळेवर विते आणि वेळेवर दूध देते. ती राहिली नाही तर गोठ्यात चारा, खुराक, पाणी आणि मजुरी यांचा खर्च तसाच चालू राहतो; थांबते ते फक्त उत्पन्न. त्यामुळे गायीच्या माजाचे ते काही तास दुग्धव्यवसायातले सर्वांत महागडे तास ठरतात. नेमक्या त्याच तासांत कृत्रिम रेतन करणारा माणूस गोठ्यात पोहोचत नसेल, तर हे काम शेतकऱ्याने स्वतःच शिकावे काय, हा प्रश्न पुढे येतो. तो दिसतो तितका सरळ नाही.

पंचवीस दिवसांचे गणित

गायीचा गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा असतो. वर्षाला एक वेत मिळवायचे तर वर्षाच्या उरलेल्या ८५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी पहिले साठ दिवस सोडावे लागतात. हाताशी राहतात सुमारे पंचवीस दिवस. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. म्हणजे या मुदतीत संधी मिळते एक, फार तर दोन. माजाचा काळ बहुधा बारा ते अठरा तासांचा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा त्यावरचा रूढ नियम आहे.

ही वेळ चुकली की पुढची संधी तीन आठवड्यांनी. एका गायीचा रोजचा खर्च दोनशे रुपये धरला, तर एका चुकलेल्या माजाची किंमत ४,२०० रुपये होते आणि लांबलेल्या वेतामुळे बुडालेले दूध त्यात धरलेलेच नाही. म्हशीच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. तिचा माज अनेकदा मुका असतो, लक्षणे अस्पष्ट असतात आणि ती बहुतेकदा रात्री किंवा पहाटे दिसतात. त्या वेळी दवाखाना बंद असतो आणि सेवा देणारा कर्मचारी दुसऱ्या गावी असतो.

व्यवस्था वाढली, पण पुरी पडत नाही

भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला. महाराष्ट्रात ही सेवा शेतकऱ्याच्या दारात नेण्याचे मोठे श्रेय मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'कडे जाते. जनावर दवाखान्यात नेण्याऐवजी कार्यकर्त्याने गोठ्यात जावे, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. तेव्हा ती नवी होती. पुढे शासनाचे दवाखाने, सहकारी संघ, खासगी डेअऱ्या आणि स्वतंत्र रेतन कार्यकर्ते असे जाळे विणले गेले.

तरीही गरज आणि सेवा यांतले अंतर मिटलेले नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. गोवंशातील माद्यांचीच संख्या १४.५१ कोटी होती. त्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केंद्राने ज्या जिल्ह्यांत कृत्रिम रेतनाचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तेथे मोफत सेवा देणारा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घ्यावा लागला, यातच व्यवस्थेच्या मर्यादेची कबुली होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली 'मैत्री' या नावाने ग्रामीण तरुणांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. एक महिना वर्गातला, दोन महिने प्रत्यक्ष कामाचे. सरकारी नोकरी न देता गावातच सेवा उभी करण्याचा हा प्रयत्न आहे. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे गोठ्याच्या मालकानेच कांडी हातात घेणे.

शिकायचे म्हणजे नेमके काय?

वरवर पाहता काम काही मिनिटांचे आहे. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली पाव मिलिलिटरची कांडी बाहेर काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून, टोक कापून रेतन-नळीत बसवायची. एक हात गुदाशयातून घालून गर्भाशयाचे मुख पकडायचे आणि दुसऱ्या हाताने नळी त्या मुखातून पार करून गर्भाशयाच्या सुरुवातीलाच रेत सोडायचे. अवघड आहे ते हेच पार करणे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. सारे बोटांच्या टोकांना कळावे लागते. नळी मागेच राहिली तर रेत वाया जाते, जोर लावला तर जखम होते, स्वच्छता नसेल तर गर्भाशयाला संसर्ग होतो.

दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. गाभण गायही क्वचित माजासारखी लक्षणे दाखवते. ती ओळखता आली नाही आणि नळी आत गेली तर गर्भपात होऊ शकतो. ब्रुसेलोसिससारखा रोग तर जनावराकडून माणसाला होतो. म्हणून हातमोजे, स्वच्छता आणि कालवडींचे लसीकरण या बाबी प्रशिक्षणातून वगळता येत नाहीत. नळी चालवण्याचे तंत्र आठवड्याभरात दाखवता येते. नेमकी कोणत्या गायीला ती लावू नये, हे कळायला त्याहून जास्त काळ लागतो.

परदेशाचा दाखला आणि त्याची मर्यादा

ब्रिटन व आयर्लंडमध्ये काही दिवसांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून शेतकरी स्वतःच्या कळपात रेतन करतात. हा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. मात्र तो देताना कळपाचा आकार विसरला जातो. ब्रिटनमधील सरासरी दुभता कळप शंभराहून अधिक गायींचा असतो. न्यूझीलंडमध्ये तो चारशेच्या पुढे जातो. तेथील शेतकऱ्याचा हात एका हंगामातच शेकडो वेळा चालतो.

महाराष्ट्रातल्या तीन गायींच्या गोठ्याचा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे एका रेतनात गर्भधारणेचे प्रमाण ढोबळमानाने ३५ टक्क्यांच्या आसपास धरले जाते. म्हणजे एका गर्भधारणेसाठी सरासरी तीन रेतने. तीन गायींसाठी वर्षाला नऊ. नऊ वेळा केलेल्या कामाने हात बसत नाही. बसलेला हातही सुटतो. शिवाय द्रवरूप नत्र वापरा अथवा वापरू नका, उडतच राहते. नऊ कांड्यांसाठी वर्षभर पात्र भरते ठेवणे परवडणारे नाही. भरणा एकदा चुकला की आतल्या सगळ्या कांड्या निकामी होतात आणि बाहेरून त्या तशाच दिसतात. गाय उलटत राहते, दोष मात्र गायीला लागतो.

पश्चिम महाराष्ट्रात मुक्तसंचार गोठे उभारून वीस-तीस किंवा त्याहून अधिक संकरित गायी सांभाळणाऱ्या तरुणांची गोष्ट वेगळी. तेथे वर्षाला साठ ते नव्वद रेतने होतात, नोंदी ठेवल्या जातात आणि माणूस चोवीस तास गोठ्यावर असतो. स्वतः रेतन शिकण्याचा आग्रह सर्वांत सार्थ ठरतो तो या वर्गासाठी.

कायद्याची चौकट

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. पदविका वा प्रमाणपत्रधारकांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. या किरकोळ सेवांच्या स्पष्टीकरणात लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांचा उल्लेख आहे. कृत्रिम रेतन तेथे नावाने नाही. इतर सेवा अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. फक्त आपल्याच जनावरांचे रेतन करणाऱ्या मालकासाठी मात्र या कलमात वेगळा कप्पा नाही. पंजाबने २०१६ मध्ये गोवंश प्रजननाचे नियमन करणारा कायदा केला. महाराष्ट्रानेही त्यानंतर तो मार्ग धरला. या कायद्यांचा रोख रेतमात्रेचा दर्जा आणि रेतन करणाऱ्यांची नोंदणी यांवर आहे.

पशुवैद्यकांचा आक्षेप केवळ व्यवसाय राखण्यासाठी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाय सतत उलटते तेव्हा रेतन पुन्हा करण्यापेक्षा तपासणी आवश्यक असते. गर्भाशयदाह, बीजांडाचे विकार, खनिजांची कमतरता ही कारणे नळीने दूर होत नाहीत. पण 'तज्ज्ञच हवा' असे म्हणायचे आणि माजाच्या वेळी तज्ज्ञ उपलब्ध करून द्यायचा नाही, हेही फार काळ चालणारे नाही. त्या पोकळीत अप्रशिक्षित माणूस आणि अनोळखी कांडी शिरते.

कांडीवरचा मजकूर

या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहते ती नोंद. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात, उत्पादनाची तारीख आणि केंद्राची ओळख छापलेली असते. ती वाचली आणि लिहून ठेवली नाही, तर त्याच वळूचे रेत पुढे त्याच्याच लेकीला दिले जाण्याचा धोका असतो. दूध घटणे, वासरे कमजोर निपजणे हे त्याचे परिणाम काही वर्षांनी दिसतात. तोवर कारण शोधायला कागदच उरलेला नसतो. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या राज्याच्या स्वतःच्या जातींत दिशाहीन संकर झाला, तर नुकसान एका गोठ्यापुरते राहत नाही. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला आणि 'भारत पशुधन' ही नोंदप्रणाली यासाठीच आहे. घरच्या घरी झालेले रेतन या नोंदीबाहेर राहिले, तर सोय होईल शेतकऱ्याची आणि अंधार होईल पैदाशीत.

लिंगनिश्चित रेतमात्रेमुळे हा मुद्दा अधिक तातडीचा झाला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते स्वदेशी तंत्राच्या अशा रेतमात्रेचे अनावरण झाले. त्यामुळे मात्रेची किंमत सुमारे दोनशे रुपयांनी कमी होईल, असे सांगण्यात आले. कालवडच होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असल्याने शेतकऱ्याला तिचे आकर्षण आहे. परंतु साध्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, तर लिंगनिश्चित कांडीत सुमारे वीस लाखच. म्हणजे वेळेची आणि हाताची चूक येथे अजिबात खपत नाही.

मधला मार्ग

प्रश्न 'शेतकऱ्याने शिकावे की नाही' असा न ठेवता 'कोणी किती शिकावे' असा ठेवला, तर उत्तर जवळ येते. माज ओळखणे, सोट पाहणे, वेळ टिपणे, कांडी वाचणे, पात्रातील नत्राची पातळी तपासणे आणि नोंद ठेवणे हे प्रत्येक गोठ्याने शिकले पाहिजे. त्यातही हे शिक्षण गोठ्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचले पाहिजे. माज प्रथम दिसतो तो पहाटे धार काढणारीला. प्रशिक्षणाच्या यादीत नाव मात्र घरच्या पुरुषाचे असते.

नळी हाती घेण्याचे प्रशिक्षण मोठ्या गोठ्यांच्या मालकांना आणि छोट्या गोठ्यांच्या बाबतीत गटातील एकाला द्यावे. दहा-पंधरा घरांच्या गटात तीस-चाळीस जनावरे सहज होतात. तेवढ्यावर हातही टिकतो आणि नत्राचा खर्चही विभागला जातो. नत्राचा पुरवठा दूध संघाच्या गाडीबरोबर होऊ शकतो. तीन वेळा उलटलेली गाय पशुवैद्यकाकडे गेलीच पाहिजे, असा दंडक घालता येईल. प्रमाणपत्राची मुदत ठरवून, गर्भधारणेच्या नोंदी पाहूनच ते नव्याने द्यावे. यासाठी कायद्यात छोटी, पण स्पष्ट वाट करून द्यावी लागेल.

१९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर आहे. हे स्थान मुख्यतः जनावरांच्या संख्येवर मिळालेले आहे. प्रत्येक जनावरामागे मिळणाऱ्या दुधात आपण बरेच मागे आहोत. पुढची वाढ संख्येतून येणार नाही, कारण तेवढा चारा नाही आणि पाणीही नाही. ती दोन वेतांतले अंतर कमी करूनच येईल. ते अंतर दर एकवीस दिवसांनी, कुठल्या तरी गोठ्यात, काही तासांच्या आत ठरत असते. त्या तासांत शेतकऱ्याने फोन लावून वाट पाहायची की त्याच्या घरात वा गटात प्रशिक्षित हात असायचा, हे धोरणाने ठरवायचे आहे.